ऱ्होड्सचा पुतळा: केपटाउनने हटवला, ऑक्सफर्डने ठेवला

सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवादी खाणमालकाचे दोन पुतळे वसाहतवादविरोधी आंदोलनाच्या केंद्रस्थानी आले आणि दोन्ही ठिकाणी निर्णय वेगळे झाले. केपटाउन विद्यापीठातील पुतळा मार्च २०१५ मध्ये विद्यार्थी आंदोलन सुरू झाल्यानंतर महिनाभरातच, ९ एप्रिलला, क्रेनने उचलून हलवण्यात आला. मात्र विद्यार्थ्यांची मागणी तेवढीच नव्हती. अभ्यासक्रमात आफ्रिकी विचारांना स्थान आणि प्राध्यापकवर्गात कृष्णवर्णीयांचे प्रमाण हे प्रश्न त्यांनी पुतळ्याच्या निमित्ताने ऐरणीवर आणले, आणि त्याच वर्षीच्या देशव्यापी शुल्कवाढविरोधी आंदोलनालाही या उठावाने बळ दिले.

ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयाने २०२० मध्ये पुतळा हटवण्याची इच्छा जाहीर केली, परंतु २०२१ मध्ये खर्च आणि कायदेशीर परवानग्यांची गुंतागुंत पुढे करून तो जागेवरच ठेवला व खाली खुलासा करणारा फलक लावला. पुतळा ज्या इमारतीवर आहे ती ऱ्होड्सच्याच देणगीतून उभी राहिली, हे विसरता येत नाही.

फलकामुळे इतिहास समोर राहतो, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण उंचावरचा पुतळा आणि पायाशी छोटा मजकूर ही मांडणी मानाचे स्थान कायम ठेवते, म्हणून मला केपटाउनचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. मुंबईने तर १९६५ मध्येच ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा ‘काळा घोडा’ नावाने ओळखला जाणारा अश्वारूढ पुतळा चौकातून हलवला. तो आता राणीच्या बागेत आहे.