बॅटरी ‘सांभाळायला’ घेणाऱ्यांपासून सावध राहा

जून लागला की पुण्यात दुचाकीच्या बॅटऱ्या ‘सांभाळायला’ घेण्याचा धंदा सुरू होतो. सोसायटीच्या गेटवर चिठ्ठी, ग्रुपवर मेसेज: ‘पावसाळ्यात गाडी उभी राहणार? बॅटरी आमच्याकडे द्या. मेंटेनरवर (बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या चार्जरवर) ठेवू, ऑक्टोबरात फुल चार्ज घरपोच.’ माझे गेले ते असे: सांभाळण्याचे १,४५० रुपये, परत देताना ‘टर्मिनल सर्व्हिस’चे १८० आणि शेवटी नवी बॅटरी घ्यावी लागली तिचे १,९८०. एकूण ३,६१०. शिवाय माझी सात महिन्यांची, वॉरंटीतली १२ व्होल्ट ९ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारा चार्ज) सीलबंद बॅटरी गेली ती गेलीच. परत आली ती कुणाची तरी मेलेली, वर नवं कोरं स्टिकर.

‘दिलीच कशाला’ असं विचारणारे असतातच. घर सप्टेंबरपर्यंत बंद राहणार होतं, तातडीनं गावी निघायचं होतं, घरात चार्जर नव्हता. गाडी बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची), किक नाही. बॅटरी पार उतरली तर फ्युएल पंपही चालत नाही, धक्का मारूनही उपयोग होत नाही. त्यात जीपीएस ट्रॅकर. असा ट्रॅकर २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा एएच जातो, म्हणजे ९ एएचची बॅटरी तीन आठवड्यांच्या आत रिकामी. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज घेतल्यासारखी करते, पण धरत नाही. भीती खरीच आहे, आणि हे लोक नेमकी तीच विकतात.

चिठ्ठीत एक गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. सीलबंद बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडीतून काढून ठेवली तर आपल्या हवेत महिन्याला तीन ते पाच टक्केच उतरते. चार महिन्यांनीही ८० टक्के शिल्लक. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. काम दहा मिनिटांचं. गाडी दर आठवड्याला पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवू नका. सेल्फ जेवढं खातो तेवढंही आयडलिंगला भरून निघेलच असं नाही.

आता बॅटरी परत आली तो क्षण. माणूस दारात आला, बॅटरी ओट्यावर ठेवली, खिशातून मल्टिमीटर काढून टर्मिनलला लावला. १३.१ व्होल्ट. ‘बघा साहेब, फुल टाइट. दोन दिवस झाले चार्जरवरून काढून.’ अहो, दोन दिवस पडलेली लेड-अॅसिड बॅटरी १३.१ दाखवतच नाही! चांगली असेल तर १२.७, १२.८, फार तर १३.०. १३.१ म्हणजे आत्ताच चार्जरवरून उचललेली, प्लेटांवर वरवरचा चार्ज असलेली. मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा तासभर हा आकडा दाखवू शकते. आकडा समोर होता आणि त्याचं वाक्य कानात होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्यच नाही. आणि वरच्या झाकणपट्टीच्या कडेला पांढुरकी धूळ दिसत होती, फेविक्विक वाळल्यावर उमटते तशी. कंपनीतून आलेल्या बॅटरीवर ती कशी असेल? पण गेटवर त्याची रिक्षा सुरू, ‘अजून सहा ठिकाणी जायचंय’ची घाई, हातात क्यूआर कोड. हे सगळं ठरवून केलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी १२.१. सेल्फ दाबला तर ८.४ वर आली आणि रिलेची नुसती टकटक. चार्ज केलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली की ती संपली असं समजा.

यांची पद्धत बॅटरीवाल्यांना चांगली माहीत आहे. भंगारातली बॅटरी घ्यायची, झाकणपट्टी स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची, रबरी टोप्या काढून सिरिंजनं डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, जास्त व्होल्टेज मारून थोडी जागी करायची, पट्टी चिकटवायची, स्टिकर लावायचं. तुमची चांगली बॅटरी कुठल्या तरी गॅरेजात ‘नवी’ म्हणून खपते. स्टिकर बदलता येतं, पण बॉडीवर कोरलेला कोड बदलता येत नाही, फार तर घासता येतो. माझ्या हाती आलेलीवर तो घासलेलाच आहे.

वॉरंटीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेलो. ‘सिरीयल नंबर जुळत नाही, ही तुम्हाला विकलेली बॅटरीच नाही.’ बरोबर, तेच तर म्हणतोय! तेवढंच कागदावर लिहून द्या म्हटलं, तर ‘तशी पॉलिसी नाही’. चौकीत पहिला प्रश्न: ‘चोरीला गेली का? नाही ना? तुम्हीच दिली ना? मग दिवाणी मामला.’ विश्वासानं सोपवलेली वस्तू परस्पर बदलणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ चा विषय आहे आणि फसवणुकीला ३१८ आहे, हे मी त्यांना सांगायचं? ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या.’ उद्या गेलो तर दुसरेच साहेब आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. बँक म्हणते, यूपीआय तुम्हीच केलंत. तक्रारीच्या पोर्टलला बिल हवं. बिल असतं तर हा माणूस सापडलाच असता! पावतीवर नुसतं ‘बॅटरी १ नग’. आठवड्यानं स्टेटस ‘निकाली’. काय निकाली काढलं, कुणालाच ठाऊक नाही.

‘बॅटरी १ नग’ असली पावती घेऊ नका. सिरीयल नंबर लिहून, सही घेऊन, त्याच्यासमोर फोटो काढा. परत घेताना वरवरचा चार्ज उतरायला दोन मिनिटं हेडलाइट लावा, थोडं थांबा, मग मोजा आणि लगेच सेल्फ मारून आकडा बघा. घाई करणाऱ्याला पैसे देऊ नका. चार्जर स्वतःचा घेणार असाल तर १४.४ व्होल्टच्या आसपास जाऊन १३.६ वर उतरणारा घ्या. ९ एएचला सुमारे ०.९ अँपिअर पुरे. १५ च्या वर जाणारा साधा अॅडॅप्टर रात्रभर लावलात तर सीलबंद बॅटरीतलं पाणी उडतं आणि ते पुन्हा भरायची सोय तिच्यात नसते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. वॉरंटी कार्ड आहे, यूपीआयची नोंद आहे, तोतया बॅटरी पुराव्यासाठी जपून ठेवलीय. त्यापायी नवी घेताना जुनीच्या बदल्यात मिळणारी ३०० रुपयांची सूटही सोडावी लागली.