जास्प: कर्मचाऱ्यांच्या गटांची दोन घटकांनी तुलना करताना

कर्मचाऱ्यांच्या गटांची तुलना करण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांच्यापैकी बरेच जण प्रत्येक गटाची सरासरी काढून थांबतात. पाळी आणि प्रशिक्षणाची पद्धत असे दोन घटक एकाच वेळी कामातील समाधानावर परिणाम करत असतील, तर सुट्या सरासऱ्या दिशाभूल करू शकतात. अशा वेळी दोन्ही घटकांचे वेगवेगळे आणि एकत्रित परिणाम एकदम तपासणारे द्विघटक प्रचरण विश्लेषण, म्हणजेच टू-वे अनोव्हा, उपयोगी पडते. त्यासाठी मी काही महिन्यांपासून जास्प हे सॉफ्टवेअर वापरत आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात विकसित झालेले आणि हॅरॉल्ड जेफ्रीज या शास्त्रज्ञांच्या नावावरून ओळखले जाणारे हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. मला ते आवडण्याचे कारण मात्र वेगळे आहे.

पारख करण्यासाठी मी ४० कर्मचाऱ्यांचा एक काल्पनिक नमुना मुद्दाम रचला. दिवसपाळी व रात्रपाळी, वर्गातील व ऑनलाइन प्रशिक्षण, असे चार गट केले आणि प्रत्येक गटात १० जण ठेवले. दिवसपाळीत वर्गात शिकलेल्यांच्या समाधानाची सरासरी ७० आणि ऑनलाइन शिकलेल्यांची ६० ठेवली, रात्रपाळीत नेमके याच्या उलट केले, आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, सर्वत्र ८ ठेवले. आता पाळीनुसार पाहिले तर दोन्हीकडे सरासरी ६५ येते आणि प्रशिक्षणानुसार पाहिले तरी ६५च येते, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. जास्पच्या तक्त्यात दोन्ही मुख्य परिणामांचे (प्रत्येक घटकाच्या एकट्याच्या परिणामाचे) एफ मूल्य, म्हणजे गटांमधला फरक गटांच्या आतल्या फरकाच्या किती पट आहे तो आकडा, शून्य आले. पण आंतरक्रियेच्या, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असण्याच्या, ओळीत ते १५.६२५ होते, स्वातंत्र्यमात्रा (हिशेबात मोकळेपणी बदलू शकणाऱ्या किमतींची संख्या) १ आणि ३६, पी मूल्य (खरा परिणाम नसतानाही निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी आणि ईटा वर्ग (एकूण फरकातला आंतरक्रियेचा वाटा) ०.३०३. ‘डिस्क्रिप्टिव्ह प्लॉट्स’मध्ये पाळी आडव्या अक्षावर ठेवून प्रशिक्षणासाठी स्वतंत्र रेषा मागितल्या, तेव्हा त्या दोन रेषांनी एकमेकींना फुलीसारखे छेदले. रात्रपाळीच्या लोकांना वर्गात बसवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हा एक आलेख पाहिला, तर पुष्कळ चुका टळतील, असे मला मनापासून वाटते.

दुसरा मोठा गुण असमान गटांच्या बाबतीत दिसतो. प्रत्यक्ष कार्यालयात चारही गटांत सारखी माणसे क्वचितच असतात. आधी मी वापरत असलेल्या हिशेबाच्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गटात सारख्याच नोंदी असाव्या लागत, आणि त्या अटीपायी एकदा मी चांगल्या नोंदी वगळल्या, याचे मला आजही वाईट वाटते. जास्पमध्ये अशी अट नाही. तेथे फरकांच्या वर्गांची बेरीज (सम ऑफ स्क्वेअर्स) काढण्याची तिसरी पद्धत आधीपासून निवडलेली असते आणि गरजेनुसार पहिली किंवा दुसरीही घेता येते. गट असमान असतील तर या निवडीने उत्तरे बदलतात, म्हणून कोणती पद्धत घेतली हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

वापर सोपा आहे. गुणांचा स्तंभ ‘डिपेंडंट व्हेरिएबल’मध्ये आणि दोन्ही घटक ‘फिक्स्ड फॅक्टर्स’मध्ये ओढून टाकले की उजवीकडे तक्ता उमटतो, आणि सगळ्या गटांतले विखुरणे सारखे आहे का हे पाहणारी लेव्हीनची चाचणी किंवा ट्युकीची जोडीनिहाय तुलना एका टिचकीवर मिळते.

उणिवांकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. १ ते ५ अशा मोजक्याच किमती असलेला स्तंभ मोजपट्टीचा न धरता नुसत्या क्रमाचा (क्रमिक) किंवा नुसत्या नावांचा (नामिक) धरला जाण्याची शक्यता असते, त्यामुळे स्तंभाच्या शीर्षकाजवळचे चिन्ह प्रत्येक वेळी तपासावे लागते. आंतरक्रिया ठळक असताना दिवसपाळीत प्रशिक्षणाचा परिणाम किती आणि रात्रपाळीत किती, हे वेगळे पाहायला हवे. त्यासाठीचा ‘सिंपल मेन इफेक्ट्स’ हा विभाग आपणहून उघडावा लागतो, आणि नवखा माणूस तेथपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय एकाच पर्यवेक्षकाच्या हाताखालचे दहा जण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे कोणत्याही रकान्यावरून सॉफ्टवेअरला कळत नाही. ते तसे नसतील, तर अनोव्हाचे मूळ गृहीतकच मोडते आणि तक्त्यातील पी मूल्य असायला हवे त्याहून लहान दिसू शकते.

ज्यांना सूत्रे पाठ नाहीत पण आपल्या कर्मचाऱ्यांविषयीचा निष्कर्ष प्रामाणिक असावा अशी तळमळ आहे, त्यांना मी जास्प निःसंकोच सुचवेन. तक्त्यातील आंतरक्रियेची ओळ त्यांनी मुख्य परिणामांच्या आधी वाचावी.