पैठणच्या उन्हात राहणारा, गंगेच्या थंडीत भिजणारा निओप्रीन सूट : आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात घेतला. ३ मिमी जाडीचा, बिनबाह्यांचा. कयाकवाले, म्हणजे वल्ह्यानं चालवायची चिंचोळी होडी घेऊन जाणारे, त्याला 'फार्मर जॉन' म्हणतात. खांदे मोकळे राहतात, त्यामुळे उलटलेली कयाक वल्ह्याच्या जोरावर सरळ करताना, म्हणजे रोल मारताना, हात अडत नाही. वरून पॅडलिंग जॅकेट, म्हणजे पाण्याचे शिंतोडे अडवणारं पातळ जॅकेट.

सराव नाथसागरात. डिसेंबरच्या पहाटे इथं सूट अगदी नेमका वाटला आणि गंगेवरही हाच पुरेल असं मी धरून चाललो. चुकलो.

मार्चमध्ये ऋषिकेशजवळच्या शिवपुरीला गेलो. भागीरथी गोमुखाहून येते, अलकनंदा सतोपंथाकडून. देवप्रयागच्या संगमानंतर तिला गंगा म्हणतात. हिमनद्यांचं हे पाणी एवढं खाली येऊनही बोटं बधिर करतं. 'रोलर कोस्टर' नावाच्या रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या उताराच्या पाण्यात, उलटलो, रोल हुकला, स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसून कयाकचं तोंड झाकणाऱ्या पडद्याची) दोरी ओढून बाहेर पडलो. वर आल्यावर धापच थांबेना. थंड पाण्याचा पहिला मिनिट असाच जातो: पोहण्याची घाई करायची नाही, लाइफ जॅकेटवर तरंगत श्वास ताब्यात येऊ द्यायचा. मला हे माहीत होतं, तरी त्या मिनिटात फार घाबरलो.

सूटची खरी खोट तेव्हा कळली. तो मी एक नंबर मोठा घेतला होता. निओप्रीन कोरडं ठेवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंग तापवतं आणि रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. माझ्या पाठीत पोकळी होती, म्हणून प्रत्येक लाटेसरशी तापलेलं पाणी बाहेर आणि नवं गार पाणी आत. दुकानात सूट 'आरामशीर' वाटला, तर तो घेऊ नका. अंगाला चिकटून बसला पाहिजे.

परत आल्यावर पाठीत दोन बोटांची चुण घेतली, निओप्रीनच्या सिमेंटनं चिकटवली. मेमध्ये पुन्हा गेलो तेव्हा फरक लगेच जाणवला. मात्र हातमोजे हवेतच. बधिर बोटांना स्कर्टची दोरी सापडत नाही, आणि दोरी बाहेर राहिली आहे का हे प्रत्येक वेळी निघण्याआधी हातानं चाचपून बघा.

मराठवाड्यात हा सूट सांभाळणं हे वेगळंच काम आहे. एप्रिलात गच्चीवर दुपारभर विसरलो तर खांद्याच्या पट्ट्या ताठरल्या, त्या तशाच राहिल्या. आता उलटा करून सावलीत, रुंद हँगरवर. बोअरच्या पाण्यानं धुतला तर पांढरे डाग पडतात, म्हणून टँकरच्या पाण्यातली एक बादली बाजूला काढतो. उन्हाळ्यात ती जड जाते, तरी काढतो. एप्रिलमध्ये सराव करायचा तर पाण्यात उतरेपर्यंत सूट कमरेपर्यंतच चढवावा. आई दारातूनच विचारते, "एवढ्या उन्हात रबराचे कपडे घालून कुठं जायलास रे?"

गुडघ्यांवरचं कापड कयाकच्या आतल्या बाजूला घासून विरलंय. शिवण मात्र कुठंच उसवलेली नाही. मेच्या गंगेसाठी, चुण घेतल्यावर आणि हातमोज्यांसकट, मला हा सूट पुरला. अलकनंदेवर वर जायचं असेल तर ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरूच न देणारा सूट, बघा. पुढच्या खेपेला मी तेच करणार आहे.