थंडीत दुर्बिणीवर दव धरू नये म्हणून : 12 व्होल्टचा हीटर पट्टा आणि कंट्रोलर

आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन (पुढे काच, आत आरसे असलेल्या) दुर्बिणीला बांधायचा 12 व्होल्टचा हीटर पट्टा आणि त्याचा कंट्रोलर, ही जोडी वस्तीपासून लांब, कडाक्याच्या थंडीत रात्रभर निरीक्षण करणाऱ्यांनी घ्यावीच. जाहिरातीत सगळा भर पट्ट्याच्या वॅटवर असतो, पण रात्र तरते ती कंट्रोलर आणि बॅटरीवर.

निरभ्र रात्री पुढची काच आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. दवबिंदूच्या, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन साचते त्या तापमानाच्या, खाली गेली की दव धरलंच, आणि तापमान शून्याखाली असेल तर हिम. करेक्टर प्लेट, म्हणजे हीच पुढची काच, नळीच्या अगदी तोंडाशी असल्यामुळे तिचं नुकसान आधी. न्यूटोनियन (उघड्या नळीच्या, आरशाच्या) दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो, त्यामुळे तिथे मोठ्या पट्ट्यावर पैसे घालवू नयेत. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), आयपीस (डोळा लावायची भिंग-नळी) आणि कधीकधी दुय्यम आरसा, एवढंच सांभाळायचं.

पट्टा करेक्टरच्या लगेच मागे, धातूच्या कड्यावर घट्ट गुंडाळायचा आणि त्यावरून ड्यू शील्ड (नळीच्या तोंडापुढे येणारं दव रोखणारं आवरण) चढवायचं. शील्ड व्यासाच्या दीडपट लांब हवं, म्हणजे इथे 12 इंच. ते नसेल तर पट्ट्याची निम्मी मेहनत फुकट जाते. मांडामांड झाली की लगेच पट्टा सुरू करावा. कोरडी काच कोरडी ठेवायला थोडीच ऊब लागते, बसलेलं दव उडवायला मात्र कितीतरी जास्त. दव धरलंच तर काच पुसू नये, धूळ घासून लेपावर चरे पडतात.

कंट्रोलर नसलेला पट्टा घेऊच नये. तो सतत पूर्ण ताकदीने तापतो, नळीत गरम हवेचे प्रवाह उठतात आणि 200 पट वर्धनाला गुरू ग्रहावरचे पट्टे पुसट होतात. आकाश खराब आहे असं वाटतं, पण दोष हीटर पट्ट्याचा असतो. काच दवबिंदूच्या जराशी वर राहिली की काम झालं. एक तृतीयांश ताकदीपासून सुरुवात करावी आणि हवेतला ओलावा वाढेल तसं बटण पुढे सरकवावं.

आता बॅटरी. मोठा पट्टा 18 वॅटचा, फाइंडर आणि आयपीसचे मिळून 6 वॅट धरले, तर पूर्ण ताकदीला 2 अँपिअर लागतात. निम्म्यावर चालवलं तर 1, म्हणजे आठ तासांना 8 अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, शिवाय शून्य अंशाला तिची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते. म्हणून 20 अँपिअर-तासांची घ्यावी आणि थर्मोकोलच्या खोक्यात ठेवावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची 12 अँपिअर-तासांची पुरते आणि वजनालाही हलकी, पण ती शून्याखाली चार्ज करायची नाही, सेल कायमचे खराब होतात. माउंटला (दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरच्या स्टँडला) वेगळी बॅटरी द्यावी. पट्ट्याने व्होल्टेज खाली ओढलं तर माउंट मध्येच बंद पडतो आणि सगळं अलाइनमेंट (ताऱ्यांशी दुर्बीण जुळवणं) पुन्हा करावं लागतं.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. पीव्हीसीच्या वायरी थंडीत काठीसारख्या ताठ होतात, सिलिकॉनच्या वायरींचा पट्टा थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. दुसरं म्हणजे कंट्रोलरवरचा झगझगीत एलईडी. अंधाराला डोळे सरावायला 20 ते 30 मिनिटं जातात, आणि ते एका क्षणात वाया जातं. त्यावर काळी चिकटपट्टी लावावी.

पॉवर बँकवर चालणारे 5 व्होल्टचे पट्टे कॅमेऱ्याच्या लेन्सला उत्तम, आठ इंची काचेला अपुरे. ते घेताना एक बघावं : काही पॉवर बँक कमी विजेचा वापर दिसला की आपोआप बंद होतात, आणि ते लक्षात येतं तेव्हा लेन्स ओली झालेली असते.