शनिवार-रविवार घरी की बाहेर? नागपूरच्या जोडप्यांसाठी तुलनात्मक आढावा

नवा संसार, दोघांचीही नोकरी, पाच दिवसांचा आठवडा. अशा घरात शनिवार-रविवार मिळून जागेपणीचे तीसेक तास हाती येतात. त्यातले सात-आठ तास कपडे, भाजी, किराणा आणि घर आवरण्यातच जातात. तुम्ही कुठेही गेलात तरी हे काम टळत नाही, नुसतं पुढे जातं आणि सोमवारी सकाळी डबा भरायच्या वेळेला अंगावर येतं. म्हणून ठरवताना आधी महिना बघा, मग अंतर, आणि शेवटी दोनपैकी कोणता दिवस द्यायचा ते.

आमचं मत आधीच सांगतो. जायचं तर शनिवारी जा, रात्री घरी या, रविवार घराला ठेवा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत घरच बरं. मुक्कामाची सहल वर्षातून तीन-चारदाच, तीही जोडून सुट्टी आली तर.

शनिवारच का

रामटेक, अदासा, कोराडी ही देवस्थानं आणि खिंडसी तलाव, या सगळ्या ठिकाणी रविवारी सहकुटुंब गर्दी असते, कारण शहरातल्या बऱ्याच लोकांना सुट्टी रविवारचीच. शनिवारी तेच ठिकाण निम्मं रिकामं मिळतं. दुसरं, रविवारी रात्री नऊला दमून परतलं की ओले टॉवेल, न धुतलेले कपडे आणि रिकामा फ्रिज, तिन्ही एकदम समोर येतात. तिसरं कारण नातेवाईक. साक्षगंध (साखरपुडा), बारसं, वास्तू, 'जेवायलाच या' ही बोलावणी रविवारीच येतात. तुळशीचं लग्न झालं की उन्हाळ्यापर्यंत तर विचारूच नका. शनिवार बाहेर काढला असेल तर रविवारी सासरी किंवा माहेरी जेवायला जाताना जीवावर येत नाही. या जेवणांचा वार आधीच लावून घ्या: महिन्यातला एक रविवार इकडे, एक तिकडे, उरलेले आपले. हे सासूबाईंना आणि आईला सारख्याच शब्दांत सांगायचं. एकीला फोनवर आणि दुसरीला निरोपाने कळलं की घोळ होतो.

घरी राहिलात तर

घरचा विकांत स्वस्त पडतो हा समज पूर्ण खरा नाही. दोघांनी दोन दिवस मोबाइल हातात धरून काढले आणि तीन वेळचं जेवण बाहेरून मागवलं, तर दीड-दोन हजार सहज जातात. तेवढ्यात दुचाकीवर रामटेक होऊन पैसे उरतात. घर स्वस्त पडतं ते स्वयंपाक केला तर. म्हणून रविवारची एक न्याहारी ठरवून मन लावून करा. नागपुरात ती अर्थातच तर्री-पोहे, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा लाल तवंगाचा झणझणीत रस्सा.

दोघांसाठी अर्धी वाटी काळे हरभरे शनिवारी रात्री भिजत घाला. सकाळी मीठ घालून कुकरच्या चार-पाच शिट्ट्या काढा. पाणी फेकू नका. दोन मध्यम कांदे उभे चिरून तेलावर तांबूस परता, दोन मोठे चमचे सुकं खोबरं वेगळं भाजा, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या आणि इंचभर आलं घालून सगळं बारीक वाटा. कढईत चार मोठे चमचे तेल. जास्त वाटेल, पण तेल कमी घातलं तर तर्री येणार कुठून? वाटण मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत परता. मग आच अगदी बारीक करून दोन चमचे तिखट आणि एक चमचा सावजी किंवा काळा मसाला घाला. मोठ्या आचेवर तिखट जळतं, रंग काळपट येतो आणि चव कडू. आता हरभरे आणि त्यांचं पाणी, कमी पडलं तर आणखी पाणी घालून एकूण तीन वाट्या रस्सा होऊ द्या. पाणी उकळतंच हवं. गार पाणी ओतलं की तेल रश्शातच मुरून बसतं आणि वर लाल थर धरत नाही. झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळा.

पोहे जाड घ्या, दोन वाट्या. चाळणीत धुवा आणि पाच-सात मिनिटं तसेच निथळू द्या. भांड्यात भिजवले तर तर्री पडताच त्यांचा लगदा होतो. ताटलीत पोहे, त्यावर खायच्या क्षणी तर्री, मग बारीक कांदा, सांबार (कोथिंबीर), शेव, लिंबू. एकूण सव्वा तास लागतो. ठेल्यावर हेच दहा मिनिटांत मिळतं, म्हणून बाहेर पडायच्या शनिवारी ठेल्यावर खा आणि घरी करायचे तर रविवारी.

उन्हाळ्यात घरी राहण्याला आणखी एक कारण आहे: कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कूलर नीट चालतो की नाही यावर सगळी सुट्टी ठरते, आणि त्याची निगा शनिवारीच राखावी लागते. आठवड्यातून एकदा प्लग काढून टाकी पूर्ण रिकामी करा, आतून घासा, तासभर कोरडी ठेवा. डेंगूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे एक शनिवार चुकला की पुरेसं झालं. मग ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवती जाळ्या बघा. ताटीचा एखादा पट्टा कोरडा राहत असेल तर वर पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं क्षारांनी बुजली आहेत. सुईने मोकळी करा आणि पंपाची जाळी अर्धा तास व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवा. कोरड्या पट्ट्यातून गरम हवा आत येते आणि कूलर 'थंड करत नाही' अशी तक्रार सुरू होते. गवताच्या नव्या ताट्यांना वास येतो, तेव्हा पहिली टाकीभर पाणी फिरवून फेकून द्या. बऱ्याच नव्या बिऱ्हाडांची चूक वेगळीच असते: दारं-खिडक्या सगळ्या बंद. कूलरला समोरची खिडकी चार-सहा इंच उघडी लागते, नाहीतर ओलावा खोलीतच कोंडतो आणि चिकचिक होते. दोन दिवस बाहेर जाणार असाल तर टाकी रिकामी करूनच कुलूप लावा.

संध्याकाळी घराबाहेर पडायचंच असेल तर सीताबर्डीला गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, सीताबर्डीलाच एकमेकींना मिळतात. खरेदी करा, फुटाळा तलावावर किंवा धरमपेठेत काही खा आणि परत. हा पर्याय 'बाहेर' मोजायचा की 'घरी', ते तुमचं तुम्ही ठरवा. थकवा मात्र घरचाच.

दिवसभर बाहेर: रामटेक की सेवाग्राम

पहिल्यांदाच जाणार असाल तर रामटेक. कामठी, कन्हान करत जबलपूरच्या रस्त्याने मनसर आणि तिथून उजवीकडे; एकूण साधारण 50 किलोमीटर, सव्वा तास. जाऊन-येऊन दुचाकीला दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल लागतं, कारला सहा-सात. लिटरला 105 रुपये धरले तर अनुक्रमे सव्वादोनशे आणि सातशेच्या आसपास. महामार्गावर ट्रकची वर्दळ मोठी, म्हणून दुचाकीवाल्यांनी अंधार पडायच्या आत मनसर सोडावं. इतवारीहून रामटेकला रेल्वेही आहे, पण परतीच्या गाडीची वेळ आधी पक्की करा.

क्रम असा ठेवा: सकाळी साडेसहाला निघून आठपर्यंत गडावर. वाहन बरंच वर जातं. पायऱ्यांनी चढायचं असेल तर अंबाळ्याच्या बाजूने, आणि ते ऊन चढायच्या आत. हातात प्रसादाची पिशवी किंवा केळी उघडी दिसली की वानर ती घेणारच, म्हणून पिशवीत टाकून चेन लावा आणि चष्मा सांभाळा. मंदिर, कालिदास स्मारक, वरून दिसणारे तलाव, इतक्यात साडेदहा होतात. दुपारच्या आधी मनसरचं उत्खनन किंवा नगरधनचा किल्ला, दोन्हीपैकी एकच. दोन्ही करायला गेलात तर खिंडसीला पोचेपर्यंत दोघंही चिडलेले असता. खिंडसीवर नावेत बसायचं ते चारनंतर. रामनवमीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला फक्त यात्रेसाठी जा, सहलीसाठी नको.

सेवाग्रामचा दिवस वेगळ्या प्रकृतीच्या जोडप्यासाठी आहे. अंतर 75-80 किलोमीटर. तिथे करण्यासारखं काही नसतं, आणि तेच त्याचं बलस्थान. गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, झाडं, शांतता, दोन-तीन तास पुरतात. वाटेत पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे, तो जाताना बघा. वर्ध्याहून गोरसपाक (गाईच्या तुपातली बिस्किटं) घेतल्याशिवाय मात्र परतू नका. समृद्धी महामार्गाने जायचा मोह होईल. त्यावर दुचाकीला परवानगी नाही, आणि कारने गेलात तरी शहराबाहेर शिवमडक्यापर्यंत जाणं, टोल आणि येळाकेळीला उतरून परत वर्ध्यात येणं धरलं तर वाचलेली मिनिटं थोडीच. शिवाय पवनार वाटेतून सुटतं. आम्ही बुटीबोरीवरून जाणाऱ्या साध्या रस्त्यालाच मत देऊ, किंवा सरळ रेल्वेला: नागपूर ते सेवाग्राम तास-सव्वा तास, तिकीट किरकोळ, आणि गाडी चालवायची कोणी यावर वाद नाही.

हिवाळ्यात तिसरा पर्याय निघतो. डिसेंबर-जानेवारीत काटोल, कळमेश्वर, सावनेरकडे कोणाच्या शेतावर हुरडा असेल तर बाकी सगळं सोडा आणि तिकडे जा. जोडीला अदासा आणि धापेवाडा एकाच फेरीत होतात. हुरडा कोवळा असताना गरमागरमच खायचा. घरी बांधून आणलेला संध्याकाळपर्यंत चिवट होतो. थंडीत दुचाकीवर पहाटे निघताना छातीवर जाड जॅकेट हवं. नागपूरची पहाट आठ-दहा अंशांवर येते आणि गाडीच्या वाऱ्यात ती आणखी बोचते.

जंगल

इथे जोडप्यांचा हिशेब चुकतो तो जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत. गाडीत सहा पर्यटक बसतात. दोघांनीच अख्खी घेतली तर सहा जणांचा खर्च दोघांवर. आणखी दोन जोडपी जमवा, माणशी खर्च एक-तृतीयांशावर येतो. ताडोब्यात शनिवार-रविवारचे दर आठवड्याच्या इतर दिवसांपेक्षा जास्त आहेत, ऑनलाइन बुकिंग महिनाभर तरी आधी लागतं, आरक्षणात दिलेलं मूळ ओळखपत्र सोबत हवं आणि मोबाइल आत नेता येत नाही. सकाळच्या फेरीसाठी मध्यरात्रीनंतर तीनला नागपूर सोडण्याचा पराक्रम काही जण करतात. चालवणाऱ्याला डुलकी लागते, तो धोका घेऊ नका. मुक्काम टाळायचा तर दुपारची फेरी घ्या: उमरेड-भिसी-चिमूरवरून कोलारा दरवाजा, सकाळी नऊला निघालात तर जेवून वेळेत पोचता आणि रात्री नऊ-साडेनऊला घरी. उमरेड-कऱ्हांडला आणि पेंचचा सिल्लारी दरवाजा याहून जवळ आहेत, पहिल्या फेरीसाठी तेच सोयीचे. पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, ताडोब्याचा गाभा, म्हणजे आतलं मुख्य जंगल बंद असतं. बफरमधल्या, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्यातल्या फेऱ्या सुरू असतात. वाघ उन्हाळ्यात पाणवठ्यावर जास्त दिसतो हे खरं, पण उघड्या गाडीत चार तास झळा खायची तयारी दोघांचीही आहे का, ते आधी विचारून घ्या.

मुक्काम: चिखलदरा

ऑगस्टमध्ये धुकं, दऱ्या, भीमकुंड, गाविलगड. विदर्भात यापलीकडे थंड हवेचं ठिकाण नाही, म्हणून सगळे तिथेच. अमरावती, परतवाडा करून साधारण 230 किलोमीटर, पाच तास. शनिवारी सातला निघालात तर बारा-साडेबाराला पोचता, रविवारी एकला निघावं लागतं; म्हणजे दहा तास प्रवास आणि पुरते चोवीस तास मुक्काम, त्यातले आठ झोपेत. फिरणं धरून 500 किलोमीटरच्या वर गाडी चालते; तीसेक लिटर पेट्रोल, टोल, पावसाळ्यातले चढे खोलीभाडे आणि जेवणं मिळून दोघांचे आठ-दहा हजार होतात. त्या पैशात रामटेक आणि सेवाग्राम धरून चार-पाच शनिवार निघतात. पेट्रोल परतवाड्यालाच भरा, घाट अंधाराच्या आत चढा. धुक्यात मोठा दिवा लावला तर समोर पांढरी भिंतच दिसते, दिवा खालचाच ठेवा. जोडून सोमवार मिळाला तर मात्र चिखलदरा जरूर. पचमढीचा विचार तीन दिवसांशिवाय करू नका.

सुट्टी शनिवार-रविवारची नसेल तर

दवाखाना, मॉल किंवा दुकानात काम करणाऱ्यांची सुट्टी आठवड्यात मधेच येते, आणि दोघांची एकाच वारी येईलच असं नाही. जमली तर रामटेक, सेवाग्राम रिकामी मिळतात आणि जंगलाचे दरही कमी लागतात. सोमवारी गोरेवाडा प्राणिउद्यान आणि अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) दोन्ही बंद असतात, मंगळवारी ताडोबा बंद. म्हणून साहेबांकडे वार मागायची सोय असेल तर गुरुवार मागा.