ट्रॉम्सोत वारा सुटला नव्हता

आकडा आधीच सांगून टाकते: ९९६ युरो. तेव्हाच्या भावाने जवळपास ८९ हजार रुपये. चार माणसांनी व्हेल बघायला जायच्या बोटीचे पैसे, आणि बोट नव्हतीच. नवरा म्हणतो, झालं ते झालं, कशाला उगाळतेस. पण ज्या पद्धतीने आम्हाला गंडवलं ती पद्धत दर हिवाळ्यात नव्याने वापरता येते, म्हणून उगाळते.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. २०२४च्या नोव्हेंबरात आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले. बाबा निवृत्त शिक्षक, विषय भूगोल. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर लाल खडूने गल्फ प्रवाह काढला आणि इतक्या उत्तरेला असूनही नॉर्वेचा समुद्र का गोठत नाही ते पोरांना सांगितलं. त्यामुळे तो समुद्र एकदा डोळ्यांनी बघायचा ही त्यांची इच्छा, आणि आईची इच्छा देवमासा. जर्मनीचा शेंगेन व्हिसा नॉर्वेत चालतो, त्यामुळे वेगळी धावपळ नव्हती. डिसेंबरात चार दिवस उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो, असं ठरलं.

बोटीचं बघताना युरोपातल्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सअॅप गटात जाहिरात दिसली. 'ट्रॉम्सो व्हेल सफारी, मराठी माणसाकडून मराठी माणसासाठी.' माणशी १८९ युरो. इतर ठिकाणांपेक्षा थोडंसंच कमी. फार स्वस्त असतं तर मी सावध झाले असते, हे जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक असणार.

मी फोन केला. बोलणं गोड, अजिबात घाई नाही. "ताई, काकांचे गुडघे कसे आहेत ते आधी सांगा," हा त्याचा पहिला प्रश्न. मग त्याने समजावलं की तिथे दोन तऱ्हेच्या बोटी असतात. एक रबरी फुगवट्याची, वेगवान, उघडी. ती लाटेवर आपटते आणि पाठीचे हाल करते. दुसरी मोठी, आत बसायला ऊब असलेली. "काका-काकूंना मोठीच घेऊ." हे सगळं खरं आहे. त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या अगदी बरोबर होत्या.

मग त्याने तयारीची यादी पाठवली, दोन पानं, शुद्ध मराठीत. अंगालगत लोकरीचे कपडे घाला, सुती नको, सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. मोजे दोन घालायचे तर बूट एक नंबर मोठा घ्या, बोटं आवळली की पाय जास्त गार पडतात. बोट लागण्याची गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बसते. आजही मी कुणाला तीच यादी देईन, इतकी ती चोख होती.

आणि त्याने चौघांची उंची आणि बुटांचे नंबर मागितले. थंडीचे सूट त्या मापाचे बाजूला काढून ठेवायचे म्हणून. बाबांना युरोपातला नंबर माहीत नव्हता. त्यांनी घरातला जर्मन पेपर जमिनीवर पसरला, त्यावर पाय ठेवला, पेन्सिलने कडेकडेने रेघ ओढली आणि पट्टीने मोजून मला म्हणाले, "सव्वीस सेंटिमीटर, लिहून कळव त्यांना." मी कळवलं. बाबांच्या बुटाचा नंबर विचारणारा माणूस फसवेल असं मनात तरी कसं येणार!

दोन दिवस आधी त्याचा निरोप आला, 'सूटचं डिपॉझिट माणशी ६० युरो, परत मिळेल.' मी २४० युरो पाठवले. तिथल्या बोटींवर सूट लागतो तेव्हा तो तिकिटातच धरलेला असतो, हे मला नंतर कळलं.

आम्ही पोचलो त्या दिवशी दुपारी दोनला काळोख होत होता. ट्रॉम्सो ६९ अंशांच्याही वर. तिथे २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य जातो तो १५ जानेवारीच्या आसपास परत दिसतो. मधल्या काळात दुपारी काही तास निळसर उजेड असतो, बस. बाबा पुलावर उभे राहून न गोठलेल्या पाण्याकडे बराच वेळ बघत होते. आईने त्यांच्या डोक्यावर माकडटोपी घातली तरी त्यांना कळलं नाही.

बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "ताई, बाहेर वारा १८ मीटर प्रति सेकंद आहे. कॅप्टनने बोट रद्द केली. वाईट वाटतं, पण जीव महत्त्वाचा. काका-काकूंची काळजी घ्या." आणि मी, शहाणीने, त्याला धन्यवाद लिहिले. मनात म्हटलं, किती जबाबदार माणूस.

त्याची मेख इथेच आहे. त्या भागात हिवाळ्यात वाऱ्यामुळे बोटी खरोखर रद्द होतात. सगळ्या माहितीपत्रकांत तसं लिहिलेलं असतं, आपणही तशी मनाची तयारी करून जातो. म्हणजे रद्द झाल्याचं सांगणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही. त्याला बोट विकत घ्यायची गरजच नाही. सकाळी एक निरोप टाकला की काम झालं. शिवाय गिऱ्हाईक त्याचे आभार मानतं.

आईला पाचला जाग येते, सांगलीत काय आणि ट्रॉम्सोत काय. ती खाली जाऊन चहा घेऊन, शाल गुंडाळून धक्क्यापर्यंत एक चक्कर मारून आली. सातच्या सुमारास खोलीत येऊन म्हणाली, "अगं, लोक बोटीत चढतायत की."

मी म्हटलं, त्या वेगळ्या बोटी असतील आई, वारा आहे समुद्रात.

"कुठला वारा? तिथला झेंडा ओल्या फडक्यासारखा लोंबतोय."

बाबांनी भूगोलाच्या शिस्तीने तिला समजावलं की बंदर डोंगरांच्या आडोशाला असतं, तिथे झेंडा लोंबला म्हणून बाहेर वारा नाही असं होत नाही. ते बरोबरच होतं. म्हणून मी नॉर्वेच्या हवामान खात्याचं यर नावाचं ॲप उघडलं. ते फुकट आहे आणि गावागणिक वारा दाखवतं. व्हेलच्या बोटी उत्तरेला जिथे जातात त्या श्यर्वोयला वारा चार मीटर. मग जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर गेले. ट्रॉम्सोहून निघालेल्या बोटींचे छोटे बाण रांगेने उत्तरेकडे सरकत होते. पोटात खड्डा पडला तो तेव्हा.

आम्ही चौघं धक्क्यावर गेलो. एका बोटीच्या दाराशी हातात यादी घेतलेली बाई उभी होती. तिने आमची नावं शोधली, नाहीत. मी इनव्हॉइस दाखवलं. तिने त्या कंपनीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. नोंदणी क्रमांकावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा आठ आकडी आहे, आमच्याकडे नऊ आकडी असतो." नॉर्वेची कंपन्यांची सरकारी नोंदवही ब्रॉन्नॉयसुंद नावाच्या गावात आहे आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. नाव टाकायला अर्धं मिनिट लागतं. मी बुटांचे नंबर कळवण्यात गुंतले होते.

तिने आणखी एक सांगितलं. त्यांनी स्वतः हवेमुळे बोट रद्द केली तर पैसे परत देतात किंवा दुसरा दिवस देतात, गिऱ्हाईक म्हणेल तसं. मी तिथेच उभी राहून त्याला लिहिलं, पैसे परत करा. उत्तर आलं, "ऑपरेटरच्या नियमाप्रमाणे व्हाउचर मिळेल ताई. १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल, कधीही या."

हे वाचून ती बाई हसली, मग सॉरी म्हणाली. का हसली ते सांगायला हवं. व्हेल तिथे हेरिंगच्या मागे येतात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. हिवाळा काढायला त्याच्या प्रचंड झुंडी इथल्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खाड्यांमध्ये, शिरतात आणि ऑर्का नि हंपबॅक या जातींचे व्हेल त्यांच्यावर ताव मारायला येतात. जानेवारी संपता संपता हेरिंग अंडी घालायला किनाऱ्याने दक्षिणेकडे निघतो आणि व्हेलही पांगतात. फेब्रुवारी ते एप्रिलचं व्हाउचर म्हणजे होळी झाल्यावर दिवाळीच्या किल्ल्याचं तिकीट.

याच हेरिंगने त्याची दुसरी थाप उघडी पाडली. पूर्वी काही हिवाळे हा मासा ट्रॉम्सोच्या अगदी शेजारी, क्वालोया बेटाच्या फ्योर्डांत यायचा. तेव्हा थोडक्या वेळात व्हेल दिसत. २०१७च्या सुमारास तो तिथून हलला आणि उत्तरेला श्यर्वोय आणि क्वेनांगेनच्या बाजूला जाऊ लागला. त्यामुळे ट्रॉम्सोहून निघणाऱ्या मोठ्या बोटीला नुसतं पोचायला तीनेक तास लागतात आणि सगळा दिवस जातो. त्याच्या पत्रकात होतं, 'निघाल्यावर अर्ध्या तासात ऑर्का, एकूण तीन तास.' कुठून तरी जुना मजकूर उचललेला. मला मात्र ते वाचून बाबांच्या गुडघ्यांसाठी बरं वाटलं होतं.

संध्याकाळी हॉटेलात बाबांनी ते पत्रक मागून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. पहिल्या पानावर पाण्याबाहेर उसळलेला हंपबॅक, कातडीवर चकचकीत ऊन, बोटीवर गॉगल घातलेली माणसं. शीर्षक, 'डिसेंबर स्पेशल.' बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद घडी करून म्हणाले, "डिसेंबरात सत्तर अंशांवर ऊन. आणि तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं." रात्री जेवलेही नाहीत नीट. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. मी कार्डाने भरले नव्हते. "कार्डाला चार टक्के जास्त पडतात ताई," म्हणून थेट खात्यात पाठवले होते. जर्मनीत राहणाऱ्यांचा एक गैरसमज असतो, माझाही होता, की बँकेतून गेलेले पैसे आठ आठवड्यांत परत मागता येतात. ते फक्त समोरच्याने आपल्या खात्यातून ओढून घेतलेल्या पैशांना लागू आहे, म्हणजे वीजबिल, व्यायामशाळेची वर्गणी वगैरे. आपण होऊन पाठवलेले पैसे गेले ते गेले. कार्ड असतं तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती. खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरंही मी पाहिली नव्हती. ती देश सांगतात. नॉर्वेचं खातं एनओने सुरू होतं, हे एलटीने होतं, म्हणजे लिथुआनिया. ट्रॉम्सोत ऑफिस असल्याचं सांगणारा माणूस लिथुआनियातल्या खात्यात पैसे का घेतो, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. ऑक्टोबर २०२५पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं की नाही हे दाखवावं लागतं. 'नाव जुळत नाही' अशी सूचना आली तर कुणीही कितीही गोड समजावलं तरी तिथेच थांबा.

परत आल्यावर पोलिसांत ऑनलाइन तक्रार दिली. क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. सीमेपलीकडच्या व्यवहारांच्या तक्रारी फुकट हाताळणारी युरोपीय ग्राहक केंद्रं आहेत, जर्मनीचं केल या गावात आहे, पण समोर खराखुरा व्यवसाय असावा लागतो. इथे व्यवसायच नव्हता. त्याने मला ब्लॉक केलं, गटातून तो आधीच नाहीसा झाला होता.

धक्क्यावरच्या त्या बाईकडे तिसऱ्या दिवशीच्या बोटीत दोनच जागा उरल्या होत्या. आई-बाबांना पाठवलं, कार्डाने पैसे भरून. संध्याकाळी आले. बाबांना जाताना बोट लागली, गोळी घ्यायचीच विसरले होते. आईने ऑर्का पाहिले, त्यांचे पाठीवरचे काळे उभे पर पाहिले, आणि एक हंपबॅक इतका जवळ आला की त्याने सोडलेला श्वास यांच्यापर्यंत पोचला. "सडक्या मासळीचा वास गं," ती नाक मुरडत म्हणाली. सांगलीच्या शाकाहारी घरातली बाई, पण हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता! पुढे महिनाभर फोनवर प्रत्येक नातेवाइकाला तो वास सांगून झाला.

या नोव्हेंबरात एका दुसऱ्याच गटात जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, गॉगलवाली माणसं आणि ऊन खाणारा हंपबॅक तोच. मी खाली एवढंच विचारलं, "दादा, डिसेंबरात ट्रॉम्सोला सूर्योदय किती वाजता होतो?" चार मिनिटांत मला गटातून काढून टाकलं.