आठ महिने, तीन बाटल्या आणि कापसाचा बोळा

मी बँकेत कर्जविभागात आहे. मार्च एंडिंगची धास्ती आमच्याकडे जानेवारीतच सुरू होते. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत साडेआठ, जेवणं आवरून अकरा, आणि पाठ टेकली की दिवसभराच्या फायली डोळ्यांपुढे. झोप लागायची, पण पहाटे तीनला मोडायची ती मोडायचीच. मैत्रिणीने सुचवलं म्हणून डिसेंबरात डिफ्यूझर घेतला, म्हणजे पाण्यात टाकलेल्या तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र, १४०० रुपयांचा, आणि त्याच्यासोबत सहा इसेन्शियल ऑइलचा, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांचा, संच ३९९ रुपयांना. आता ऑगस्ट चालू आहे.

आधी त्या संचाचं सांगते, कारण नवीन माणूस तिथेच फसतो. सहा बाटल्यांत गुलाब होता, चंदन होतं. किलोभर गुलाबतेल काढायला तीन-चार टन पाकळ्या लागतात, मग ते ६५ रुपयांत कसं मिळेल, हा हिशेब कर्जविभागातल्या बाईला सुचायला हवा होता! लेबल भिंगाने वाचलं तेव्हा बारीक अक्षरांत ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ दिसलं, म्हणजे नुसता सुगंध. वनस्पतीचं शास्त्रीय नाव कुठेच नाही. दोन रात्री लावलं आणि घरात टॅक्सीतल्या परफ्यूमचा वास सुटला. संच कचऱ्यात गेला.

मग नीट शोधून लॅव्हेंडर घेतलं. बाटलीवर ‘लॅव्हंड्युला अँगस्टिफोलिया’ असं शास्त्रीय नाव लिहिलेलं, काच गडद तपकिरी, १० मिलीला साडेचारशे रुपये. वास खरंच वेगळा होता, गवतासारखा, किंचित कापराकडे झुकणारा. यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे मुख्य घटक असतात आणि शांत वाटण्याचं श्रेय बहुधा त्यांनाच दिलं जातं. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने २०० मिली पाण्यात आठ थेंब टाकून बंद खोलीत रात्रभर डिफ्यूझर चालवला. सकाळी डोकं असं धरलं की ऑफिसला उशीर झाला. पुढच्या खोलीत सासरे झोपतात, त्यांना दमा आहे. त्यांना खोकल्याची उबळ आली तेव्हा मी चपापले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ते घरात असताना हे यंत्र नको. पुढे ते गावी गेले की तेवढ्यापुरता लावायचे, तीनच थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. तेवढ्याने वास पुरतो.

दुसरी चूक कपाळावरची. गॅटफोसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा हात भाजला आणि त्याने लॅव्हेंडर लावलं, ही गोष्ट कुठेतरी वाचली होती. ‘अरोमाथेरपी’, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द त्याचाच, १९३७ सालच्या पुस्तकामुळे रूढ झालेला. मी कानशिलांवर थेट तेल चोळलं. त्याचा हात भाजला होता, माझं कपाळ धडधाकट होतं, एवढा फरक ध्यानात आला नाही. चार दिवस लाल चट्टे मिरवले. आता पायाला लावायला १० मिली खोबरेलात चार थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के, आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून बघून. बाटली उघडी राहिली की हवेने लिनालूल बदलतं आणि त्वचेला जास्त त्रास देतं, म्हणून झाकण घट्ट लावून कपाटात ठेवते. तीन बाटल्यांतली दुसरी संत्र्याच्या तेलाची. ती पैसे वाया गेल्यासारखीच: दोन महिन्यांत वास उतरला आणि डिफ्यूझरच्या प्लास्टिकच्या झाकणाला बारीक तडे गेले.

खरी मजा वाळ्याने आणली. माहेरी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असायची, दाराला वाळ्याचा पडदा. लॅव्हेंडर हुंगताना मला हॉटेलची बाथरूम आठवायची, वाळा हुंगला की आजोळच्या ओट्यावर पाय पसरून बसल्यासारखं वाटतं. हे तेल मुळांचं असतं, ऊर्ध्वपातन खूप वेळ चालतं, म्हणून ते महाग; शिवाय दाटही. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या देगेत काढलेलं हिरवट तेल ‘रूह खस’ म्हणून मिळतं, ते माझ्या खिशाबाहेरचं आहे. माझी साधी तपकिरी बाटली, ७०० रुपयांची. डिफ्यूझरमध्ये हे चिकटून बसतं, तिथे घालूच नका. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून उशीशेजारी वाटीत ठेवते. तिसऱ्या दिवशीही वास येतो. सासऱ्यांच्या खोलीपर्यंत पोचत नाही, हे विशेष.

झोप सुधारली का? हो, पण माझं एक प्रामाणिक निरीक्षण आहे. जूनमध्ये मी दोन आठवडे तेल बंद ठेवलं. फोन साडेनऊला बाहेरच्या खोलीत आणि पायाला नुसतं खोबरेल, हा रोजचा क्रम मात्र तसाच ठेवला. झोप जवळपास तशीच लागली. पहाटे जाग आल्यावर पुन्हा डोळा लागायला थोडा जास्त वेळ गेला, तेवढाच फरक. म्हणजे बराचसा गुण त्या क्रमाचा असणार. नाकाला वास कळतोच, तो लपवून स्वतःवर प्रयोग करता येत नाही, त्यामुळे उरलेलं काय, ते मला सांगता येणार नाही. ३१ मार्चच्या रात्री पावणेदोनला घरी आले तेव्हा तर कशाचाच उपयोग झाला नाही, ना लॅव्हेंडरचा ना वाळ्याचा.

पावसाळ्याचंही सांगते, कारण विकणारे सांगत नाहीत. आमच्याकडे भिंतींना आधीच ओल असते, त्यात हे यंत्र आणखी वाफारा सोडतं. जुलैत कपाटाला वास येऊ लागला. बोअरच्या पाण्याने टाकीत पांढरा थर जमतो, तो व्हिनेगर घालून दर आठवड्याला पुसावा लागतो. सध्या डिफ्यूझर माळ्यावर आहे. लॅव्हेंडरची बाटली संपत आलीय, पुन्हा घेणार नाही. वाळ्याची मात्र अजून पाऊण शिल्लक आहे, आणि सासूबाईंनी त्यातलाच एक बोळा परवा रेशमी साड्यांच्या कपाटासाठी मागून नेला.